गाडी तुमच्या नावावर, ओटीपी कुणाच्या मोबाईलवर?

पत्र

सप्रेम नमस्कार. मी चिंचवडला राहते, नोकरी करते. दोन वर्षांपूर्वी कर्ज काढून गाडी घेतली. आरसी माझ्या नावावर आहे, हप्तेही माझ्याच पगारातून जातात. आमच्या घरात गाड्यांमधलं मोठ्या दिरांना कळतं, म्हणून शोरूमचे सगळे सोपस्कार दादांनीच केले. हल्ली रात्री जेवताना ते सहज बोलल्यासारखं विचारतात, "आज सव्वातीनला कर्वे रोडला होतीस ना?" तिथल्या एका डॉक्टरांकडे माझी ट्रीटमेंट चालू आहे. ही गोष्ट फक्त मला आणि मिस्टरांना माहीत आहे, घरात इतक्यात सांगायची नाही. गेल्या महिन्यात पनवेलला आईकडे जाताना एक्स्प्रेस वेवर वेगाचं चलन लागलं. त्याचा मेसेजसुद्धा दादांनाच आला, मला नाही. मिस्टर म्हणतात, लपवण्यासारखं काही नसेल तर एवढं मनाला कशाला लावून घेतेस. ऑफिसमधला एक जण म्हणतो, गाडीतलं सिमच काढून टाक. दुसरा म्हणतो, काही उपयोग नाही, खांबाखांबावर कॅमेरे आहेत, सरकारला सगळं दिसतंच. मला आता स्वतःच्या गाडीत मोकळं वाटेनासं झालंय. काय करू? आणि चलन भरू की तक्रार करू? नाव छापू नये ही विनंती.

— एक वाचक, चिंचवड

उत्तर

तुमच्यावर नजर ठेवणारे तिघं आहेत आणि पत्रात तुम्ही तिघांना एकाच माळेत ओवलंय. जेवताना प्रश्न विचारणारे दादा, गाडी बनवणारी कंपनी आणि खांबावरचा कॅमेरा. तिघांना मिळणारी माहिती वेगळी आहे, ती मिळण्याची वाट वेगळी आहे, त्यामुळे उपायही वेगळे. ऑफिसातल्या दोघांनी तुम्हाला कंपनीची आणि सरकारची भीती घातली, पण तुमची झोप उडाली आहे ती पहिल्यामुळे. आणि नेमकं तेच काम सगळ्यांत सोपं आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करू.

गाडीच्या डिलिव्हरीचा दिवस आठवा. बॉनेटवर हार, कुंकवाचं स्वस्तिक, चाकाखाली लिंबं, पेढ्यांचा बॉक्स, लाल रिबिनीत बांधलेली मोठी खोटी किल्ली घेऊन काढलेला फोटो. त्या गडबडीत शोरूमचा मुलगा टॅब घेऊन दादांकडे आला असणार: "सर, एक ओटीपी येईल, तेवढा सांगा." थोड्या वेळाने पुन्हा एक, मग आणखी एक. एक ओटीपी गाडीच्या अ‍ॅपचा, एक फास्टॅगचा. आणि आरटीओच्या नोंदणीच्या फॉर्मवर मोबाईल नंबरचा रकाना असतो, तिथेही तोच नंबर. गाडीचे हप्ते तुम्ही भरताय, पण गाडी बोलते ती दादांशी. तिला नंबरच त्यांचा दिलेला आहे.

दादांच्या मनात काय आहे ते मला पत्रावरून सांगता येणार नाही. काळजी असेल, सवय असेल, नाहीतर मोबाईलवर आलेलं नोटिफिकेशन वाचून दाखवायची हौस असेल. उपाय करायला ते कळण्याची गरजही नाही.

इंटरनेट जोडलेल्या गाड्या आपल्याकडे सर्रास दिसू लागल्या २०१९ पासून. त्या वर्षी एमजी हेक्टर आणि ह्युंदाई व्हेन्यू आल्या आणि मग सगळ्याच कंपन्या त्या रांगेत लागल्या. अशा गाडीत आतच एक सिम बसवलेलं असतं. त्याच्या जोरावर अ‍ॅपमध्ये गाडी आत्ता कुठे आहे ते दिसतं, आधीच्या फेऱ्या वेळेसकट दिसतात, वेग ओलांडला तर सूचना येते. नकाशावर एक गोल आखून ठेवला तर गाडी त्याच्या बाहेर पडताक्षणी मेसेज येतो. तुमचे सव्वातीन आणि कर्वे रोड बहुधा त्या फेऱ्यांच्या यादीतून आले. ही सोय चोरीच्या वेळी खरोखर उपयोगी पडते, ती वाईट नाही. पण बहुतेक अ‍ॅपमध्ये एक मुख्य खातेदार असतो आणि बाकीचे त्याच्या परवानगीने आत येतात. तुमच्या गाडीचे मुख्य खातेदार दादा आहेत. तुम्ही बहुधा अ‍ॅपमध्ये नाहीच, आणि असलात तर पाहुण्या म्हणून.

हे बदलायला दादांची परवानगी लागत नाही. कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन करा किंवा सर्व्हिस सेंटरला जा. आरसीची प्रत आणि ओळखपत्र द्या, आणि सांगा, गाडी माझ्या नावावर आहे, मुख्य खातं माझ्या नंबरवर घ्यायचं आहे. तोंडी आश्वासनावर समाधान मानू नका, ईमेलवर लेखी घ्या. खातं हातात आलं की आत जाऊन आणखी कुणाकुणाला प्रवेश दिलाय ते बघा, आखलेले गोल असतील तर पुसा, पिन बदला. गाडीच्या स्क्रीनवरून 'फॅक्टरी रीसेट' मारला म्हणजे झालं, असा एक समज आहे. त्याने जोडलेले फोन आणि उतरवून घेतलेले कॉन्टॅक्ट जातात. कंपनीच्या सर्व्हरवरचं खातं जिथल्या तिथेच राहतं. जुनी गाडी घेणाऱ्या वाचकांनीही हे लक्षात ठेवावं. आधीच्या मालकाने खातं सोडलं नसेल तर तुमची गाडी कुठे उभी आहे ते त्याला घरबसल्या दिसतं, आणि काही मॉडेलमध्ये दारंसुद्धा उघडता येतात.

फास्टॅग लोक विसरतात. उर्सेला आणि खालापूरला पैसे कापले गेले की नोंदवलेल्या मोबाईलवर लगेच मेसेज जातो, टोलनाक्याच्या नावासकट. अ‍ॅपमधून दादांना काढलंत आणि फास्टॅग तसाच ठेवलात तर पनवेलची प्रत्येक फेरी त्यांना कळतच राहील. टॅग दिलेल्या बँकेत नंबर बदलून घ्या. टॅगच दादांच्या खात्याला जोडलेला असेल तर तो बंद करून स्वतःच्या नावाचा घ्या. एका गाडीला एकच टॅग चालतो, म्हणून आधी जुना बंद व्हायला हवा.

तिसरा नंबर आरटीओच्या नोंदीतला. चलनाचा मेसेज जातो तो 'वाहन' या सरकारी नोंदवहीत जो मोबाईल आहे त्यावर. गाडी कोण चालवत होतं याच्याशी त्याचा संबंध नाही. परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर गाडीचा नंबर, चेसिस नंबर आणि इंजिन नंबर घालून मोबाईल बदलता येतो. दोन्ही नंबर आरसीवर असतात.

हे सगळं झाल्यावरही दादांना पत्ता लागत असेल, तर वाट गाडीची नाही, फोनची आहे. गुगल मॅप्समध्ये 'लोकेशन शेअरिंग' कुणाबरोबर चालू आहे ते बघा. फोनमधलं गुगल खातं दुसऱ्या कुणी उघडून दिलेलं असेल तर पासवर्ड बदला. आणि एकदा चालकाच्या सीटवर बसून स्टिअरिंगच्या खाली हात घालून पाहा. मेकॅनिक आपलं यंत्र जिथे जोडतो ते ओबीडीचं सॉकेट तिथे असतं. त्यात काडेपेटीएवढी एखादी डबी खोचलेली सापडली तर ती गाडीबरोबर आलेली नाही.

आता घरात सांगायचं कसं, हा खरा पेच. गुपचूप बदल केलात तर दादांचं अ‍ॅप एका सकाळी बंद पडलेलं दिसेल आणि जेवताना नवा प्रश्न येईल. त्यापेक्षा कामाच्या स्वरात, आधीच सांगून टाका: "दादा, गाडीचं अ‍ॅप, फास्टॅग आणि आरटीओचा नंबर मी माझ्या मोबाईलवर घेतेय. चलनं माझी मलाच कळली पाहिजेत." एवढंच. कारणांची यादी द्यायला लागलात की एकेका कारणावर वाद सुरू होतो. "मग अडचणीत कुणाला कळणार?" असं विचारलं तर इमर्जन्सी संपर्क म्हणून मिस्टरांचा आणि दादांचा, दोघांचेही नंबर ठेवा. अपघात झाला तर कॉल त्यांना जाईल, पण मंगळवारी दुपारी गाडी कुठे होती हे दिसणार नाही. चलनाचं निमित्त आयतं मिळालंय, ते वापरा.

मात्र एक गोष्ट तुम्हीच ओळखू शकता. दादांच्या किंवा आणखी कुणाच्या प्रतिक्रियेची तुम्हाला भीती वाटत असेल, नुसता अवघडलेपणा नव्हे, खरी भीती, तर अ‍ॅपला हात लावण्याआधी बाहेरच्या विश्वासातल्या माणसाला सगळं सांगा. नजर अचानक बंद झाली की काही घरांत ताण वाढतो. माहिती संरक्षणाचा २०२३ चा कायदा इथे तुमच्या कामाचा नाही, कारण व्यक्तीने खासगी किंवा घरगुती कारणासाठी वापरलेली माहिती त्यातून स्पष्टपणे वगळली आहे. उपयोगी पडेल तो २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा. त्यात मानसिक छळही येतो आणि नवऱ्याचे नातेवाईकही येतात. महिला हेल्पलाइनचा नंबर १८१. तुमच्या पत्रावरून तशी वेळ आलेली दिसत नाही, पण हे वाचणाऱ्या दुसऱ्या कुणावर आली असेल.

मिस्टरांच्या वाक्याबद्दल. लपवण्यासारखं काही नाही हे खरं, पण सांगायचं कधी आणि कुणाला हे ठरवणं बाकी आहे, आणि ते ठरवायचा हक्क तुमचा आणि त्यांचा आहे. डॉक्टरांचं प्रकरण दोघांचं आहे असं तुम्हीच लिहिलंय. मग "एवढं काय" म्हणणाऱ्या मिस्टरांना विचारा, उद्या दादांनी जेवताना थेट क्लिनिकचंच नाव घेतलं तर उत्तर कोण देणार आहे? मला वाटतं दादांशी बोलायचं कामही त्यांनीच करावं. भाऊ त्यांचा आहे.

आता कंपनी. सिम काढून टाकायचा सल्ला मोडीत काढा. ते सिम मोबाईलसारखं ट्रेमध्ये नसतं, आतल्या यंत्रात बसवलेलं असतं. फ्यूज वगैरे उपटलात तर इमर्जन्सी कॉलची सोय बंद पडते, चोरीच्या वेळी गाडीचा माग लागत नाही आणि वॉरंटीचा वाद विकत घेतल्यासारखं होतं.

पण कंपनीबद्दलची काळजी पोकळ आहे असं मी म्हणणार नाही. अमेरिकेत जनरल मोटर्सच्या गाड्या, ब्रेक किती जोरात मारला, रात्री किती चालवली, अशा नोंदी गोळा करत होत्या, आणि त्या नोंदी दलाल कंपन्यांमार्फत विमा कंपन्यांपर्यंत जात होत्या. मार्च २०२४ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने हे छापलं तेव्हा लोकांना उलगडा झाला की आपला विम्याचा हप्ता का वाढला. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने म्हटलं की गाडीचा ठावठिकाणा काही वेळा दर तीन सेकंदांना नोंदवला जात होता, आणि जानेवारी २०२५ मध्ये अशी माहिती या दलालांना देण्यावर पाच वर्षांची बंदी आणणारा आदेश पुढे केला. जर्मनीत तर माहिती कुणी विकलीही नव्हती. डिसेंबर २०२४ मध्ये फोक्सवॅगन समूहाच्या सुमारे आठ लाख इलेक्ट्रिक गाड्यांची माहिती इंटरनेटवर नीट कुलूप न लावता पडलेली आढळली, आणि त्यातल्या साडेचार लाखांहून अधिक गाड्या कुठे कुठे उभ्या होत्या ते अगदी अचूक कळत होतं. म्हणजे कंपनीच्या मनात पाप नसलं तरी साठवलेली माहिती कधीतरी सांडते.

मोझिला फाउंडेशनने २०२३ मध्ये गाड्यांचे २५ ब्रँड तपासले आणि खासगीपणाच्या कसोटीवर सगळेच्या सगळे नापास केले. तेव्हा "दुसऱ्या कंपनीची घ्यायला हवी होती" अशी हळहळ वाटून घेऊ नका.

आपल्याकडे २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि त्यांनुसार कंपन्यांवरची मुख्य बंधनं १८ महिन्यांनी, मे २०२७ मध्ये लागू व्हायची आहेत. कायद्यात संमती मागे घेण्याचा हक्क आहे, आणि ती मागे घेणं देण्याइतकंच सोपं असलं पाहिजे असंही लिहिलंय. आपली काय माहिती ठेवली आहे हे विचारण्याचा आणि ती पुसून मागण्याचा हक्क आहे. पण मे २०२७ ची वाट कशाला बघायची? खातं तुमच्या नावावर आलं की अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये 'जाहिरात', 'भागीदार', 'सेवा सुधारणा' अशा गोड नावांखाली जे जे चालू असेल ते बंद करा. अ‍ॅपला फोनमधले कॉन्टॅक्ट आणि माइक वापरायची परवानगी देऊ नका. अ‍ॅपवरून गाडीचा एसी सुरू करायला त्यांची गरज नसते. आणि विम्याचं नूतनीकरण करताना एजंट "जसं चालवाल तसा हप्ता" असलं काही सुचवेल. विमा नियामकाने २०२२ पासून अशा योजनांना मुभा दिली आहे. थोडे पैसे वाचतात खरे, पण त्या बदल्यात तुमच्या ब्रेकची आणि वेगाची नोंद थेट विमा कंपनीकडे जाते. मी घेणार नाही. तुमचा हिशेब वेगळा असू शकतो.

राहिला खांबावरचा कॅमेरा. मुंबई-पुणे एक्स्प्रेस वे साडेचौऱ्याण्णव किलोमीटरचा आहे आणि जुलै २०२४ पासून त्यावर आयटीएमएस नावाची यंत्रणा चलनं काढते. वेग, सीटबेल्ट, चालवताना हातात मोबाईल, लेनची शिस्त, सगळं टिपलं जातं. या यंत्रणेची मी विरोधक नाही. बोर घाटात ज्यांनी अपघात पाहिलेत त्यांना त्या कॅमेऱ्यांचं वाईट वाटत नाही.

पण तुमच्या ऑफिसातल्या माणसाचं "सरकारला सगळं दिसतंच" हे अर्धसत्य आहे, आणि सोडून द्यायला शिकवणारं आहे. कॅमेऱ्यांना नियम आहेत. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये कलम १३६-अ आलं आणि त्याखाली ऑगस्ट २०२१ मध्ये नियम १६७-अ. त्यानुसार यंत्राला मान्यतेचं प्रमाणपत्र लागतं आणि ते दरवर्षी नवं करावं लागतं. पुढे कॅमेरा आहे अशी पाटी लावावी लागते. चलनात फोटो, यंत्राने मोजलेला वेग, तारीख, वेळ, ठिकाण द्यावं लागतं. चलनाचा निकाल लागेपर्यंत ती नोंद जपून ठेवायची, असंही त्यात आहे.

माझी तक्रार पुढची आहे. नंबरप्लेट वाचणारा कॅमेरा फक्त वेग ओलांडणाऱ्याची प्लेट वाचत नाही, खालून जाणाऱ्या प्रत्येकाची वाचतो. ज्यांचं चलन झालं त्यांच्या नोंदीचं काय करायचं हे नियमात आहे. ज्यांनी काहीच केलं नाही त्यांची नोंद किती दिवसांत पुसायची, हे १६७-अ मध्ये नाही. जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाने २००८ मध्येच सांगितलं होतं की पोलिसांच्या शोधयादीशी जुळत नाही ती प्लेट ताबडतोब पुसली गेली पाहिजे. अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यात अशा नोंदीला कायद्याने तीन मिनिटांची मुदत आहे. आपल्याकडे खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २०१७ मध्ये एकमताने म्हटलं, पण ते अजून खांबापर्यंत पोचलेलं नाही.

आणि नोंद एकदा साठली की ती मूळ कामापुरतीच राहते हा भाबडेपणा नको. 'वाहन' आणि 'सारथी' या सरकारी नोंदवह्यांतली आपली माहिती ८७ खासगी कंपन्यांना आणि ३२ सरकारी संस्थांना पैसे घेऊन पुरवली होती आणि त्यातून सुमारे ६५ कोटी रुपये मिळाले, असं नितीन गडकरींनीच जुलै २०१९ मध्ये संसदेत सांगितलं होतं. ते धोरण २०२० मध्ये मागे घेतलं गेलं.

केरळमधला एक किस्सा तुमच्या प्रकरणाच्या फार जवळचा आहे. २०२३ मध्ये तिरुवनंतपुरममध्ये एक माणूस हेल्मेट न घालता स्कूटरवरून चालला होता, मागे एक बाई बसलेली. स्कूटर त्याच्या बायकोच्या नावावर. चलन फोटोसकट बायकोच्या मोबाईलवर गेलं. पुढे भांडण, मारहाणीची तक्रार आणि नवऱ्याला अटक. त्या नवऱ्याची कीव करायला मी हे सांगत नाहीये. पण कॅमेऱ्याने दंड हेल्मेटचा केला आणि माहिती दिली ती मागच्या सीटची, आणि दिली ती नोंदवहीत ज्याचा नंबर होता त्याला. तुमच्या गाडीचा फोटोही दादांच्या मोबाईलवर उघडता आला असता तो असाच. म्हणून कॅमेऱ्याच्या बाबतीत तुमच्या हातात आज जे आहे ते पुन्हा तेच: आरटीओतला नंबर बदलणं. कॅमेऱ्याला चकवणारे स्प्रे किंवा नंबरप्लेटवरची काच वगैरे कुणी सुचवलं तर त्याच्या नादी लागू नका; चलनाच्या जागी गुन्हा पदरात पडेल. पुढे जायची इच्छा असेल तर माहितीच्या अधिकाराखाली महामार्ग पोलिसांना एक साधा अर्ज करा: चलन न झालेल्या गाड्यांच्या नंबरांची नोंद किती दिवस ठेवता, ती कोणाला बघता येते, आणि हे कुठल्या आदेशाने? असे अर्ज शंभर जणांनी केले तर निदान उत्तर तयार करावं लागेल.

चलनाचं राहिलं. महाट्रॅफिकच्या अ‍ॅपवर गाडीचा नंबर घालून ते स्वतः उघडा. फोटोतली गाडी तुमचीच आहे ना, रंग आणि मॉडेल जुळतंय ना, ते बघा, कारण दुसऱ्याच्या नंबरची बनावट प्लेट लावून फिरणारे महाभाग आहेत. वेग किती दाखवलाय आणि जागा कुठली, तेही पाहा. कारला सपाटीवर १०० ची मर्यादा आहे, घाटात ६० ची. यातलं काही चुकलेलं असेल तर तिथेच तक्रार नोंदवता येते, दंड भरण्याआधी. सगळं बरोबर असेल तर भरून टाका, आणि पावती तुमच्याच ईमेलवर मागवा.